आपल्या पुस्तकाची फुकट पीडीएफ फिरताना दिसली तर काय करायचं (आणि काय अजिबात नाही)

मागच्या गणपतीत मावसभावाचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला, "दादा तुझं पुस्तक मिळालं बघ, फुकटात!!" आणि खाली पीडीएफ. पोरगा मनापासून खूश होता, माझ्यासाठीच. माझा विज्ञानकथांचा एकुलता एक संग्रह, तोही कसाबसा निघालेला, आणि तो टेलिग्रामवरच्या कुठल्यातरी मराठी पुस्तकांच्या चॅनलवरून फिरत फिरत आमच्याच घरच्या ग्रुपवर येऊन पडला होता. मोबाईलवर पान न पान स्कॅन केलेलं, ३७व्या पानाच्या कोपऱ्यात स्कॅन करणाऱ्या बाईंचा अंगठा आलाय, नखाशी उतरत आलेली मेंदी. आणि ११२, ११३ ही पानं गायब. नेमक्या त्याच दोन पानांवर एका गोष्टीचा शेवट आहे.

त्या रात्री मी फेसबुकसाठी तीन जळजळीत पोस्ट लिहिल्या आणि तिन्ही डिलीट केल्या, आणि बरं झालं, कारण नंतर वाचत गेलो तेव्हा कळलं की अमेरिकेतल्या सायन्स फिक्शनवाल्यांनी ह्या एका विषयावर पंचवीसेक वर्षं एकमेकांची डोकी फोडलीयेत. म्हणजे भविष्याच्या गोष्टी लिहिणारी माणसं, आणि ते भविष्य मोडेममधून घरात आल्यावर सगळ्यात जास्त आरडाओरडा ह्यांच्यातच. आपल्याला फायदा असा की त्यांनी करून ठेवलेल्या चुका आयत्या मिळतात. तर ज्यांचं पुस्तक, दिवाळी अंकातली कथा वगैरे कुठे फिरतंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी वकील नाही, मोठी भानगड असेल तर वकील गाठा.

पहिल्या दिवशी काहीच पाठवायचं नाही, फक्त गोळा करायचं. फाईल जिथे आहे तिथली पूर्ण लिंक, तारखेसकट स्क्रीनशॉट, चॅनलचं नाव, किती मेंबर आहेत ते. आणि फाईल उघडून बघायची. हे सांगायची काय गरज असं वाटेल, पण ह्याच एका गोष्टीवरून एका अख्ख्या लेखक संघटनेची अब्रू गेलीये.

२००७ ची गोष्ट. स्क्रिब्ड ही साइट तेव्हा नवीकोरी होती, कोणीही येऊन काहीही अपलोड करायचं, आणि त्यात सायन्स फिक्शनची पुस्तकं खरोखरच चोरून चढवलेली होती, त्याबद्दल वाद नाही. तिथल्या लेखकांची संघटना आहे एसएफडब्ल्यूए, १९६५ पासूनची, तिची पायरसीसाठी एक कमिटी होती. ऑगस्टमध्ये संघटनेच्या उपाध्यक्षाने स्क्रिब्डला एक लांबलचक यादी पाठवली, की ही आमच्या लेखकांची चोरलेली पुस्तकं आहेत, काढा. यादी बनवली कशी? सर्चमध्ये मोठ्या लेखकांची आडनावं टाकली, असिमोव्ह टाकलं, सिल्व्हरबर्ग टाकलं, जे जे वर आलं ते यादीत. स्क्रिब्डने काढून टाकलं. मग एकेक जण ओरडायला लागला. त्यात एका शिक्षकाने मुलांना वाचायला सुचवलेल्या पुस्तकांची यादी होती, गुन्हा काय तर त्यात असिमोव्हचं नाव आलेलं. आणि सगळ्यात कहर म्हणजे कोरी डॉक्टरोवची कादंबरी होती, जी त्याने २००३ मध्ये स्वतःच क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्सखाली फुकट वाटली होती, वाटा, फिरवा, माझी परवानगी आहे असं लिहून. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. आणि संन्यासीही असा गाठला की जो आधीच ह्या विषयावर जगभर भाषणं देत फिरत होता, त्याने काय सोडलं असेल का. अध्यक्षांना जाहीर माफी मागावी लागली, कमिटीचं काम बंद करावं लागलं. ज्या लेखकांची पुस्तकं खरंच चोरीला गेली होती ते बिचारे बाजूलाच राहिले, त्यांचा राग रास्त होता पण आता ऐकणार कोण.

त्यामुळे नियम साधा, सर्चमध्ये आपलं नाव टाकून जे येईल ते सगळं कॉपी पेस्ट करून पाठवायचं नाही. एकेक फाईल उघडायची. माझ्या बाबतीत सर्चला सात लिंका आल्या, त्यातली एक दिवाळी अंकाची अनुक्रमणिका निघाली, एक कोणीतरी लिहिलेलं परीक्षण (बरं लिहिलं होतं, शेवटच्या दोन गोष्टी फसल्यात म्हणालाय, असो), दोन नुसत्या जाहिरातीच्या फसव्या पानांच्या, जिथे डाउनलोडवर क्लिक केलं की क्रेडिट कार्ड मागतात आणि पुस्तक असतच नाही. अशा पानांच्या नादी लागू नका, तिथे स्वतःची माहिती तर अजिबात भरू नका. खऱ्या उरल्या तीन.

मग नोटीसच्या आधी एक साधा मेसेज. हे सगळ्यांना पटणार नाही पण मराठी चॅनल चालवणारे बहुतेक आपल्यासारखेच पुस्तकवेडे लोक असतात, त्यांना वाटतं आपण साहित्यसेवा करतोय. मी ॲडमिनला लिहिलं ते असं: "नमस्कार. तुमच्या चॅनलवर अमुक तारखेला टाकलेला हा कथासंग्रह माझा आहे. पुस्तक अजून विक्रीला आहे आणि मी किंवा प्रकाशकांनी पीडीएफची परवानगी दिलेली नाही. कृपया दोन दिवसांत काढाल का? लिंक खाली देतोय." बास. कायदा नाही, धमकी नाही, चोर हा शब्द नाही. वीस मिनिटांत उत्तर, "सर तुम्ही स्वतः लेखक आहात का? सॉरी सर. काढतो. पण त्या मंगळाच्या गोष्टीचा शेवट काय आहे, पानं नाहीयेत." ह्याच्यावर काय बोलणार.

बाकीच्या दोन ठिकाणी मेसेज वाचून सोडून दिला, म्हणजे आता नोटीस. पण त्याआधी कपाटातून प्रकाशकाबरोबरचा करार काढा. ई-बुकचे हक्क तुम्ही लिहून दिले असतील तर नोटीस पाठवायचा अधिकार प्रकाशकाचा असू शकतो, किंवा त्यांनी तुम्हाला तसं लेखी द्यायला हवं. आपल्याकडच्या कायद्यात काही गोष्टी लेखकाच्या बाजूच्या आहेत ज्या कोणी सांगत नाही, करारात मुदत लिहिलीच नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. माझा करार दीड पानाचा होता, त्यात ई-बुक हा शब्दच नव्हता, त्यावरून प्रकाशकांशी अर्धा तास फोन झाला आणि शेवटी ते म्हणाले तुम्हीच पाठवा हो, आम्हाला कुठे वेळ, तसं एक मेल मागून घेतलं. मेल मागून घ्याच.

आता नोटीस कुठल्या पत्त्यावर, हा प्रश्न क्षुल्लक वाटतो ना? हार्लन एलिसन ह्या अमेरिकन सायन्स फिक्शन लेखकाला विचारायला हवं होतं. हा माणूस रागासाठीच प्रसिद्ध, आणि लेखनाचे पैसे बुडवणाऱ्यांना कोर्टात खेचण्यासाठी त्याहून. २००० साली कोणीतरी त्याच्या कथा स्कॅन करून यूजनेटच्या एका न्यूजग्रुपवर टाकल्या. यूजनेट म्हणजे त्या काळचं टेलिग्रामच समजा, एका ठिकाणी टाकलं की जगभरच्या सर्व्हरवर कॉप्या. त्याच्या वकिलाने एओएल ह्या इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीला एप्रिलमध्ये ईमेलने नोटीस पाठवली. उत्तरच नाही. का, तर एओएलने तक्रारीचा ईमेल पत्ता काही महिने आधी बदलला होता, सरकारी कॉपीराइट ऑफिसला कळवायला उशीर केला, आणि जुन्या पत्त्यावर येणारी मेलं नव्यावर जातील एवढी साधी सोयही ठेवली नाही. एलिसनने केस टाकली. खालच्या कोर्टात २००२ मध्ये एओएल जिंकली, मग फेब्रुवारी २००४ मध्ये वरच्या कोर्टाने म्हटलं की थांबा, तक्रारीच पोचत नसतील तर तुमची तक्रारीची पद्धत नीट होती असं कसं म्हणायचं, आणि प्रकरण परत खाली पाठवलं. जूनमध्ये तडजोड झाली. चार वर्षं. आणि एओएलच्या सर्व्हरवर असे मेसेज फक्त चौदा दिवस राहायचे.

एलिसन चूक होता असं मला वाटत नाही हं. मोठ्या कंपनीला पत्ता तरी धड ठेवा हे शिकवायला कोणीतरी आडमुठा लागतोच. पण आपल्याकडे चार वर्षं आणि तेवढे पैसे नाहीत, म्हणून आपण काय करायचं तर साइटच्या तळाशी कॉपीराइट किंवा डीएमसीए लिहिलेलं पान असतं ते उघडायचं, त्या दिवशी तिथे जो पत्ता किंवा फॉर्म आहे तोच वापरायचा, कुठल्यातरी जुन्या लेखातून उचललेला ईमेल नाही. पाठवल्याचा स्क्रीनशॉट, पोच आली तर तीही जपून.

डीएमसीए म्हणजे अमेरिकेचा १९९८ चा कायदा, आपले सगळे मोठे प्लॅटफॉर्म त्याच साच्यात तक्रार घेतात. नोटीसमध्ये काय काय हवं: तुमचं नाव आणि संपर्क, कुठलं पुस्तक, नेमकी लिंक (चॅनलची नाही, त्या पोस्टची, तीन पोस्ट असतील तर तीन लिंका), ह्या वापराला हक्कदाराची किंवा कायद्याची परवानगी नाही असं मी प्रामाणिकपणे मानतो हे वाक्य, दिलेली माहिती बरोबर आहे आणि मी हक्कदार किंवा त्याचा अधिकृत माणूस आहे हे शपथेवर सांगणारं वाक्य, आणि खाली सही, टाइप केलेलं नाव चालतं. इंग्रजीत लिहा, एका पानात मावतं. शपथेचं वाक्य नुसतं कॉपी करू नका, वाचा, कारण जाणूनबुजून खोटी नोटीस दिली तर समोरचा नुकसानभरपाई मागू शकतो. समोरच्याने उलटी नोटीस दिली की माझं काही चुकलेलं नाही, तर तुम्ही कोर्टात गेला नाहीत तर दहा ते चौदा कामाच्या दिवसांत फाईल परत वर येते.

आणि संतापाने काही लिहू नका त्यात. बऱ्याच साइट्स ती नोटीस अपलोड करणाऱ्याला पाठवतात, आणि गूगलकडे केलेल्या तक्रारी ल्युमेन नावाच्या सार्वजनिक संग्रहात जातात, कोणीही वाचू शकतं. घरचा पत्ता टाकण्याऐवजी प्रकाशकाचा टाकता आला तर उत्तम.

भारतीय कायद्यातही सोय आहे, २०१२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०१३ च्या नियमांप्रमाणे. लेखी तक्रार गेली की प्लॅटफॉर्मने ३६ तासांत ते दिसणं बंद करायचं. ऐकायला झकास, पण तक्रारीतच लिहून द्यावं लागतं की मी कोर्टात दावा लावून २१ दिवसांत ऑर्डर आणतो, नाही आणली तर ते परत सुरू करू शकतात. दोनशे रुपयांच्या पुस्तकासाठी २१ दिवसांत कोर्टाची ऑर्डर, करा विचार. म्हणून परदेशी प्लॅटफॉर्म असेल तर आधी डीएमसीएचा रस्ता.

टेलिग्रामचं एक लक्षात ठेवा, ते पब्लिक चॅनलच्या तक्रारी घेतात, प्रायव्हेट ग्रुपचं खात्रीने सांगता येत नाही. व्हॉट्सॲपवर मावशीच्या ग्रुपमधून पुढच्या मावशीच्या ग्रुपमध्ये गेलेलं तर ब्रह्मदेवालाही परत आणता येणार नाही. सोडून द्या. खरंच सोडून द्या, त्यामागे लागून महिना घालवलेले लोक मी बघितलेत, त्या महिन्यात एक कथा झाली असती.

आता खरा वादाचा मुद्दा, जो वरच्या सगळ्याच्या आधी ठरवायला हवा होता पण मावसभावाचा मेसेज सांगून येत नाही. तुम्हाला ते फुकट फिरलेलं चालणार आहे का? सगळं, थोडं, अजिबात नाही?

ह्यावर त्या लोकांची दोन टोकं होती. एकीकडे हॉवर्ड हेंड्रिक्स, हाही संघटनेचा उपाध्यक्ष, त्याने एप्रिल २००७ मध्ये लिहिलं की जे लेखक आपलं लेखन नेटवर फुकट टाकतात ते वेबस्कॅब आहेत. स्कॅब म्हणजे संपफोड्या. गिरणगावात ज्यांच्या घरी संप बघितलाय त्यांना हा शब्द केवढा लागतो ते सांगायला नको. वर म्हणाला की असे लोक लेखकाला पिक्सेलने बरबटलेला तंत्रयुगातला कंगाल शेतमजूर करून ठेवतायत. झालं, जो वॉल्टन ह्या लेखिकेने जाहीर केलं की २३ एप्रिल हा अशा शेतमजुरांचा आंतरराष्ट्रीय दिवस, ज्यांना जमेल त्यांनी काहीतरी चांगलं लिहिलेलं फुकट टाका, आणि लोकांनी कथाच्या कथा टाकल्या. शिवीचा सण केला. मला हेंड्रिक्सची भाषा आवडत नाही पण त्याची भीती खोटी नव्हती, सगळेच फुकट द्यायला लागले तर जो पैसे मागतो तोच हावरट ठरतो. आपल्याकडे व्याख्यानाचं मानधन मागितल्यावर आयोजकांचा चेहरा कसा होतो ते आठवा.

दुसरीकडे एरिक फ्लिंट. कामगार चळवळीतला माणूस, युनियनवाला, तो म्हणजे ह्याच्या बरोबर उलट. बेन बुक्स ह्या सायन्स फिक्शन प्रकाशनाचा लेखक. पायरसीवरून ऑनलाइन खडाजंगी चालू असताना त्याने म्हटलं की चोरी होते, पण तिने होणारं नुकसान किरकोळ असतं आणि त्यातून होणारी प्रसिद्धी ते भरून काढते. आणि नुसतं बोलला नाही, प्रकाशक जिम बेनला विचारून स्वतःची पहिली कादंबरी फुकट टाकली, त्यातून बेन फ्री लायब्ररी उभी राहिली. आणि मग त्याने विक्रीचे आकडे छापले, की बघा, फुकट ठेवल्यानंतर जुनी पुस्तकं मेली नाहीत, विकली गेली. मला हा माणूस ह्यासाठी आवडतो, बाकीचे नैतिकतेवर भांडत होते आणि हा हिशोबाची वही घेऊन आला. युक्ती काय होती ते मात्र नीट बघा, तिथे मालिकांची पहिली पुस्तकं फुकट असायची. पहिला भाग घ्या, आवडला तर पुढचे बारा विकत. एकच पुस्तक असलेल्या माझ्यासारख्याने सगळंच फुकट दिलं तर पुढचं विकायला आहे काय?

म्हणून ठरवताना स्वतःला विचारायचं की माझ्याकडे दुसरं काही विकायला आहे का, आणि करार परवानगी देतो का. किंडलवर केडीपी सिलेक्ट ह्या ॲमेझॉनच्या योजनेत पुस्तक असेल तर त्या ९० दिवसांत ते डिजिटल स्वरूपात दुसरीकडे कुठेही द्यायचं नाही अशी अट आहे, फुकटसुद्धा नाही, हे विसरून लोक अडकतात. फुकट द्यायचंच असेल तर पीडीएफच्या पहिल्या पानावर स्पष्ट लिहा काय चालेल आणि काय नाही. वाटायला हरकत नाही, विकायचं नाही, नाव काढायचं नाही, एवढ्या तीन ओळी पुरतात.

आणि फुकटवाले लोक सगळे संत आहेत असंही नाही. तोच डॉक्टरोव, ज्याची स्क्रिब्डवरची कादंबरी काढल्यावर एवढा धुरळा उडाला, त्याच वर्षी त्याने अर्सुला ले ग्विन ह्या लेखिकेचा एक परिच्छेदाचा छोटासा लेख न विचारता अख्खा आपल्या ब्लॉगवर छापला. त्याला वाटलं एवढासा तुकडा, चालतं. बाईंचं म्हणणं तो तुकडा नाही, ती माझी पूर्ण कलाकृती आहे. त्यालाही काढून माफी मागावी लागली. आपण दुसऱ्याची कविता पूर्णच्या पूर्ण फॉरवर्ड करतो आणि खाली "साभार" लिहितो, ते हेच. जुनं आहे म्हणून मोकळं आहे असंही समजू नका, आपल्याकडे लेखक गेल्यानंतर साठ वर्षं हक्क राहतो. नारळीकर सर २० मे २०२५ ला गेले, म्हणजे त्यांच्या कथा २०८५ संपेपर्यंत.

डीआरएमबद्दल दोनच ओळी. म्हणजे ई-बुकची कॉपी होऊ नये म्हणून लावलेलं डिजिटल कुलूप, ते लावायचं का असं विचारतात. टॉर ह्या सायन्स फिक्शनच्या मोठ्या प्रकाशकाने २०१२ मध्ये सगळ्या ई-बुकची कुलपं काढली आणि वर्षभराने त्यांच्या इंग्लंडच्या शाखेने सांगितलं की पायरसी वाढलेली दिसत नाही. माझं पुस्तक तर कागदावरून स्कॅन झालं, मेंदीच्या बोटाला कुठलं डीआरएम लावणार.

तर माझं पुढे काय झालं. दुसऱ्या चॅनलवरची फाईल नोटीसनंतर नऊ दिवसांनी गेली, तिसरी साइट अजून उत्तर देत नाही, दर महिन्याच्या एक तारखेला लाइट बिलाबरोबर तिची आठवण करून देणारं मेल पाठवतो. आणि त्या पहिल्या ॲडमिनला, प्रकाशकांना विचारून, ती एकच मंगळाची गोष्ट नीट टाइप केलेली पीडीएफ करून दिली, पहिल्या पानावर तीन ओळी आणि शेवटी पुस्तक कुठे मिळतं ते. त्याने पिन केली. चार दिवसांनी मावसभावाचा मेसेज, "दादा ही नवीन पीडीएफ आलीये, ह्यात शेवट पण आहे!! पण बाकीच्या गोष्टी काढल्यात वाटतं, मूळ वाली पाठवू का तुला?"